पालथं पातेलं

सहज आलो म्हणता, आन् बूड टेकायच्या आधी पिशवीतनं कागद काढता — असं कुठं सहज असतंय व्हय, गुरुजी? न्हाई न्हाई, त्या पोत्यावर नका बसू, तांदळाचं हाय, शाळेचं. हा डबा घ्या पालथा. तेलाचा हाय, पण पुसलाय मी. बसा. चहा टाकते — टाकते हो, साखर माझ्या घरची हाय, बापूसाहेबांना जाऊन सांगण्यासारखं त्यात काई न्हाई. कागद राहू द्या मांडीवर, माझे हात ओले हायेत. एकशे बारा ताटं घासायची अजून, आन् हे पातेलं बघा कसलं, मंडपवाल्याकडनं मागून आणलंय, बुडाला चेमटलेलं, खिचडी एका अंगाला करपती. माझं पातेलं ठाण्यात हाय. ठावं हाय ना तुमाला? मुद्देमाल. पंचनाम्यात लिहून घेतलंय — जर्मलचं पातेलं एक, बूड काळं. आता जर्मलचं पातेलं, चुलीवरचं, त्याचं बूड काळं नसंल तर काय गुलाबी असंल. पण साहेबांनी लिहिलं, मी अंगठ्याच्या जागी सही केली, तर हवालदार म्हणला, लिहिता येतंय व्हय तुला. म्हणलं, येतंय. सातवी शिकलीय. आमचे गुरुजी बघाय हवे होते तुमी.

आन् आज तेच गुरुजी दारात. कुठं ते आमचं घोडकाठचं गाव, आन् कुठं ही रांजणगावच्या कंपन्यांकडं जाणाऱ्या रस्त्यावरची शाळा. पंधरा वरसांत माझ्याकडं वाट वाकडी केली न्हाई तुमी. लग्नाला पत्रिका दिलेली, तवा बी न्हाई. पेन्शनीत बापूसाहेबांचं लिखापढीचं काम बघता असं ऐकलं होतं — बरं हाय, हात चालू राहतो. द्या कागद. पुसले हात. वाचते की मी, तुमी वाचून दाखवू नका. 'आम्ही खाली सही करणाऱ्या महिला पालकांनी, मा. बापूसाहेब यांच्या मार्गदर्शनाखाली, शाळेसमोरील रस्त्यावर गतिरोधक व्हावा या मागणीसाठी, दिनांक अमुक रोजी उत्स्फूर्तपणे रास्ता रोको केला...' अक्षर तुमचंच. 'ळ' ला अजून तेच वेटोळं. मला बी तसंच वळण लागलंय, पोरगी हसती. पण गुरुजी, हितं थांबते मी. मार्गदर्शनाखाली — उत्स्फूर्त. म्हंजी दावं बांधून मोकळं सोडलेलं वासरू. हसू नका. न्हाई, हसला न्हाई तुमी, मला वाटलं.

सही केली तर काय होतंय ते ठावं हाय मला, सकाळी शंकरराव सांगून गेले. शाळा समितीचे अध्यक्ष म्हणल्यावर त्यांना हक्कच हाय, चूल पेटायच्या आत येऊन उभं राहायचा. सही केली की बापूसाहेब ठाण्यात शब्द टाकणार, यादीत पहिलं नाव माझं हाय ते खाली सरकणार, मग पुसलं जाणार. एक तारखेच्या बैठकीत खिचडीचं काम माझ्याकडंच ठेवणार. आन् न्हाई केली, तर उद्या अकरा वाजता ठाण्यात एकटीनं जबाब द्यायचा — ठरवून रस्ता अडवला, लोकं जमवली, कुणाच्या सांगण्यावरनं ते सांग — आन् समितीला दुसरी बाई बघावी लागंल म्हणले. बघावी लागंल म्हणताना काय चेहरा केला त्यांनी, जसं काई मयताचं सांगतायत. गौतमीचे पप्पा म्हणतात करून टाक. त्यांचं काय, ते कंपनीत ठेक्यावर हायेत, त्यांना सहीची सवय हाय, दर अकरा महिन्यांनी कोऱ्या कागदावर करत्यात.

उत्स्फूर्त — हा शब्द मला शिकवला कुणी? तुमी. फळ्यावर लिहून, सगळ्या वर्गाकडनं पाच पाच वेळा लिहून घेतला, त आन् स जोडताना पोरांचे हात मोडायचे. कुणीतरी विचारलं, म्हंजी काय गुरुजी? तुमी म्हणलात, खडकातनं झरा फुटतो, त्याला कुणी फूट म्हणत न्हाई, तसं. लई आवडलं होतं मला ते. मी घरी जाऊन आईला सांगितलं. आन् मग महिन्याभरात शिरूरला ती तालुक्याची स्पर्धा — उत्स्फूर्त वक्तृत्व. तिथं म्हणे चिठ्ठी उचलायची आन् निघंल त्या विषयावर बोलायचं, न ठरवता. तुमी सोमवारपासनं माझ्याकडनं 'पाणी वाचवा' पाठ करून घेतलं. थेंबाला मोती म्हणायचं, 'मोती' म्हणताना हात असा वर न्यायचा. चिठ्ठीचा कोपरा मोडलेला असंल ती उचल, सुलक्षणा — आन् उचलल्यावर लगेच तोंड उघडू नको, जरा वर छताकडं बघ, विचार करतेस असं वाटलं पाहिजे. मी बघितलं. छताला पाल होती, ती अजून ध्यानात हाय. तुमी मागच्या बाकावर बसून ओठ हलवत होता. दुसरा नंबर आला, कंपास पेटी मिळाली. पहिला नंबर आला त्या पोरीनं छताकडं माझ्यापेक्षा जास्त येळ बघितलं होतं.

राग न्हाई हो. कंपास हाय अजून, गौतमी वापरती. मी आपलं शब्दाचं सांगते. त्यानंतर हा शब्द मला भेटलाच न्हाई कुठं — आईच्या घरात, शेतात, कुठंच न्हाई, आमच्यात कोण बोलतंय असं. सासरी आले, तर हितं जिकडं बघावं तिकडं फ्लेक्सवर तोच. बापूसाहेबांच्या वाढदिवसाला उत्स्फूर्त रक्तदान — गौतमीच्या पप्पांना सुपरवायझरनं शिफ्टमधनं उठवून नेलेलं, बाटली न भरता परत आला तर खाडा. उत्स्फूर्त स्वागत — दोन जेसीबी सकाळी सातपासनं फुलं भरून उभे, फुलं पार सुकली, बापूसाहेब बारा वाजता आले. महिलांची उत्स्फूर्त गर्दी — आमाला टेम्पोत घालून नेलं, साडीचं कुपन हातात दिलं, आन् कुपनाच्या मागं लिहिलेलं, भाषणात हात वर केला की टाळ्या. आन् मी हितं खिचडीला लागले तवाचं सांगू? पहिल्या महिन्यात अकरा पोरं घरनं डबे घेऊन आली. एकाच सोमवारी, अकराच्या अकरा. बाईंनी विचारलं तर त्यांच्या आया म्हणल्या, पोरांनीच हट्ट धरला, आमी काय सांगितलं न्हाई. बौद्धवाड्यातल्या बाईच्या हातचं नको असं एक बी म्हणली न्हाई, खोटं कशाला बोलू. उत्स्फूर्तच झालं ते. मग खिचडीला मोहरीची फोडणी द्याय लागले मी, वास वर्गात जायचा — डबे आपोआप बंद. त्याची बातमी काय कुणी छापली न्हाई.

घ्या चहा. गरम हाय, कान धरा कपाचा. गौतमी, तिकडं न्हाई, हितं बस, मला दिसंल असं. हां. हितं.

तर त्या दिवशीचं. तुमच्या कागदात लिहिलंय 'दीर्घकाळ विचारविनिमय करून'. आन् खाली परत उत्स्फूर्त. असू दे. झालं ते एवढंच — शाळेच्या नळाला दोन वरसं झाली पाणी न्हाई. नळ हाय, पाणी न्हाई. पाणी पलीकडं, रस्त्याच्या पल्याड, शंकररावांच्या खोल्या हायेत ना भाड्याच्या, कंपनीतली बिहारकडची माणसं राहतात त्या, त्यांच्या कडंला. मग मी खिचडी वाढून झाली की पातेलं कमरेला लावते आन् रस्ता ओलांडते, तिथं घासते, परत येते. रोज. गौतमी माझ्याबरबर. हाताला धरून. त्या दिवशी पातेलं एका हाताला, ती दुसऱ्या, आमी निम्म्यात आलेलो, आन् शिफ्टची बस आली. हॉर्न न्हाई, काई न्हाई. वारा लागला अंगाला नुसता. गौतमीच्या गळ्यात पाण्याची बाटली असती, पट्ट्याची, गुलाबी — पट्टा कशात तरी अडकला आन् तुटला, तुटला म्हणून पोरगी राहिली, बाटली गेली चाकाखाली. फट्ट असा आवाज. बसवाल्यानं मागं बघितलं न्हाई. पाणी रस्त्यावर. मी ते पाणी बघत होते. मग मी पातेलं रस्त्याच्या मधोमध पालथं घातलं आन् त्याच्यावर बसले.

एवढंच.

मनात काय आलं विचारलं साहेबांनी. म्हणलं, काई न्हाई आलं, बूड भाजलं. पातेलं गरमच होतं अजून. हवालदार हसला, साहेब हसले न्हाईत. साहेबांचं म्हणणं, पातेलं आधीच बरबर आणलं होतंस, म्हंजी ठरवून. आता रोज नेते ते पातेलं, पण रोज बसत न्हाई ना, म्हणून त्या दिवशीचं ठरवून. मागं गाड्या लागल्या, ट्रकवाले शिव्या द्याय लागले, एकजण खाली उतरून आला अंगावर. तवा विठाबाई आल्या — त्या शेरडंवाल्या म्हाताऱ्या, पार ऐंशीच्या असतील — माझ्या शेजारी खाली डांबरावर बसल्या, शेरडांसकट. मग एकेक आल्या. डबेवाल्या बी आल्या, खरं सांगते, त्या अकरातल्या सात. कुणी मला विचारलं न्हाई का बसलीस. मी कुणाला बोलावलं न्हाई. साहेब म्हणतात, बोलावल्याशिवाय बायका येत न्हाईत. म्हणलं, साहेब, बापूसाहेबांच्या टेम्पोचं तसं असंल.

पाऊण तासानं आले ना तुमचे बापूसाहेब. पांढऱ्या गाडीतनं. फोटोवाला पुढच्या सीटवर. चार मिनिटं बसले, रुमाल अंथरून, मोजली न्हाईत पण दुधाला उतू यायला लागतात तेवढी. उठताना गुडघ्यावर हात टेकला तर दोघांनी धरलं. दुसऱ्या दिवशी पेपरात — बापूसाहेबांच्या नेतृत्वाखाली महिलांचा उत्स्फूर्त रास्ता रोको. फोटोत बापूसाहेब, त्यांचा रुमाल, विठाबाईचं एक शेरडू. आन् कडंला पातेलं, आन् पातेल्यावर एक कोपर. ते कोपर माझं हाय. सासूबाईंनी ओळखलं, पोलक्याच्या काठावरनं. चांगुणाबाई म्हणतात त्यांना सगळे, लई कडक बाई — म्हणल्या, सणक भरली हुती तुला सणक, लेकराला रस्त्यात उभं करून ह्या बाईला पातेल्यावर बसायचं सुचतंय. तर बघा, पेपरात ते उत्स्फूर्त, ठाण्यात तोच कट, आन् घरात सणक. आन् मी आपली खिचडी करते.

गौतमी. गौतमी, ऊठ म्हणलं का मी तुला? बस. मांजर जाईल तिचं तिचं.

काय बघताय? मनगट होय. तिचं मनगट. व्हय, वळ उठलेत. माझ्याच बोटांचे हायेत. झोपेत बी धरते मी तिचा हात, गौतमीचे पप्पा बोटं सोडवून ठेवतात आन् मी परत धरते. ती म्हणती, मम्मी, दुखतंय. म्हणलं दुखू दे. आई झाल्यावर असंच असतंय, सगळ्याच करत असतील — न्हाई, सगळ्या न्हाई करत. मला ठावं हाय. आधी मी बी करत नव्हते. आधी सोडायचे की मी तिला, मैदानात, मळ्यात, कुठं बी. तवापासनंच हे सुरू झालंय.

तवापासनं म्हंजी — बाटलीच्या दिवसापासनं. अजून कुठल्या.

चहा घ्या.

तुमी गप्प बसला की मला वर्गात बसल्यासारखं होतंय. तुमी असंच करायचा, गृहपाठ न्हाई आणला म्हणल्यावर नुसतं बघायचा, मग पोरगं आपणच सांगायचं. बाटलीच्या दिवसापासनं न्हाई. त्याच्या आधी तीन आठवडे. तुमच्या कागदात हाय ना — 'सदर रस्त्यावर यापूर्वीही अपघात झालेले आहेत.' हे एक वाक्य. यापूर्वीही. तिचं नाव रिंकी. शंकररावांच्या खोल्यांत राहायची. वरसाच्या मधीच आली, दाखला न्हाई, म्हणून हजेरीत नाव घातलं न्हाई, पण यायची रोज. गौतमीएवढीच, सहाची. ताटाच्या लायनीत तिला उभं राहू द्यायचे न्हाईत, म्हणून ती मी पातेलं घासाय निघाले की मागं मागं यायची. बुडाला जे लागतंय ना, खरपूड, ते तिला आवडायचं. चाची, जला वाला देना. मी उलथन्यानं काढायची आन् तिच्या हातावर ठेवायची. कधीकधी मुद्दाम जरा जास्त लागू द्यायची मी बुडाला. करपू द्यायची. पोरं म्हणायची, मावशी, आज वास येतोय. म्हणलं, येतोय तर येतोय.

त्या दिवशी ती आली माझ्या मागं रस्ता ओलांडून. मी नळावर बसलेली, उलथनं हातात. आन् शंकरराव खोल्यांचं भाडं न्यायला आलेले, तिथंच खुर्ची टाकून बसलेले. आदल्याच आठवड्यात त्यांनी मला बैठकीत सांगितलेलं, हजेरीत नाव न्हाई त्याला कण बी वाढायचा न्हाई, शासनाचा तांदूळ हाय, आन् तुमी लोकं लगेच तक्रारी कराय मोकळे होता. तुमी लोकं म्हंजी कोण ते मी विचारलं न्हाई. तर ते बघतायत, आन् ही समोर ओंजळ करून उभी — चाची, जला वाला. आन् मी म्हणलं, पळ. भाग यहाँ से. उलथनं उगारलं. खोटंखोटं, गुरुजी. शंकररावांना दिसावं म्हणून. लागायचं नव्हतं. मी काई ठरवलेलं न्हाई, तोंडातनं निघालं, पळ, आपण कुत्र्याला म्हणतो, कोंबडीला म्हणतो, तसं सहज. आन् तिला खेळ वाटला. हसली. हसत पळाली. मागं बघत बघत पळाली, मी मागं येते का म्हणून.

मला टेम्पो दिसला होता.

लांबनं दिसला होता. हाक मारण्याएवढा लांब. आन् मी उठले न्हाई. शंकरराव उठले न्हाईत, त्यांची पाठ होती रस्त्याला, त्यांना बोल न्हाई लावत. मला दिसत होता, आन् माझ्या हातात उलथनं, आन् तोंड उघडं, आन् काईच निघालं न्हाई. छताकडं बघितल्यासारखं. एक शब्द, गुरुजी. रुक म्हणाय किती येळ लागतो? पळ म्हणाय लागला तेवढाच.

आवाज बी मोठा न्हाई झाला. पातेलं पडल्यावर होतो त्याच्याहून बारीक. टेम्पो पळाला, तिला कुणाच्या तरी गाडीतनं पुण्याला मोठ्या दवाखान्यात नेली. रस्त्यावर कुणीतरी माती टाकली आन् गाड्या चालू. पाच मिनिटं थांबला न्हाई रस्ता. त्या दिवशी कुणी बसलं न्हाई, मी न्हाई, विठाबाई न्हाई, पांढरी गाडी न्हाई. दुसऱ्या दिवशी मी खिचडी केली. चांगली झाली होती, बुडाला लागली न्हाई.

पाय गेला म्हणतं कुणी. कुणी म्हणतं पोरगीच गेली. खोलीला आठ दिवसांत दुसरे भाडेकरू. शेजारणीनं सांगितलं, आईबापानं सामान बांधलं, दौंडवरनं गाडी धरून गावाकडं जाणार. कुठलं गाव, तिला ठावं न्हाई. मी घरी सांगितलं मावशीकडं जाते, शिरूरवरनं एस.टी. धरली आन् दौंडला गेले. काय बोलणार होते मी तिथं? काई ठरवलं नव्हतं. फलाटावर बिहारकडची गाडी लागलेली, शेपाचशे माणसं, बोचकी, बादल्या, आन् पोरं बघावं तर सगळी तिच्याचसारखी. मी खिडक्यांतनं बघत गेले, पार इंजिनापर्यंत. एक बाई आतनं विचारती, किसको ढूँढ रही हो? मला तिचं आडनाव सांगता येईना. रोज खाऊ घातलं आन् आडनाव विचारलं न्हाई. गाडी सुटली.

तर आता सांगा, उत्स्फूर्त कशाला म्हणायचं? तुमी व्याकरणाचे, तुमाला विचारते. ठाण्यात विचारतात ठरवलं होतंस का. पातेल्यावर बसायचं मी ठरवलं नव्हतं, बुद्धाची शपथ, न्हाई. पण आपोआप बी नव्हतं ते. तीन आठवडे मी रोज तो रस्ता ओलांडत होते, रोज त्या मातीवर पाय पडायचा. बाटली फुटली तवा गौतमीचं नावच आलं न्हाई मनात. आईनं असं बोलू नये, पण न्हाई आलं. मला दुसराच आवाज आला. न ठरवता केलेलं माझ्या हातनं एकच हाय, ते म्हंजी 'पळ'. ते खरं झऱ्यासारखं आलं होतं, कुणी फूट म्हणलं नव्हतं. छान शब्द शिकवला तुमी.

आन् एक विचारू? राहिलंय म्हणून. सातवीच्या निकालानंतर, आठवीची शाळा नदीपलीकडं, आमचे दादा म्हणले नको आता, बास झालं. तुमाला ठावं होतं. तुमची सायकल आमच्या दारावरनंच जायची. मी उंबऱ्यात बसायची, पंधरा दिवस बसले, म्हणलं गुरुजी आज उतरतील, सहज, पाणी प्यायला. दादांनी तुमचं ऐकलं असतं. तुमी घंटी वाजवायचा, हसायचा, आन् जायचा. रस्ता मोकळा असताना कोण घंटी वाजवतंय. म्हंजी मी तुमाला दिसत होते.

असू द्या. खाली बघू नका. मी तुमाला माफी द्याय बसले न्हाई आन् कागदावर सही कराय बी बसले न्हाई. मी बी उठले न्हाई की नळावरनं.

हा कागद मी ठेवून घेते. न्हाई, सही करत न्हाई. मागची बाजू कोरी हाय, चांगला जाड कागद हाय. उद्या अकरा वाजता जबाब द्यायचाय ना, तो मी आज लिहून नेते, माझ्या अक्षरात. मी बसले, मला कुणी बसवलं न्हाई, बापूसाहेब पाऊण तासानं आले, हे पहिलं. आन् दुसरं, त्याच्या आधी तीन आठवडे काय झालं ते. पळ कोण म्हणलं, का म्हणलं, खुर्चीवर कोण होतं, सगळं. व्हय, त्यात माझंच जास्त जाईल. काम जाईल. कलम लावून साहेब काय काय लिहितील माझ्या नावापुढं, लिहू द्या. पण 'यापूर्वीही' एवढ्यात ती बसत न्हाई, गुरुजी. सहा वरसांची पोर हाय, एवढ्याशा शब्दात कशी बसंल. आडनाव न्हाई तर नुसतं रिंकी लिहीन. आन् गतिरोधक व्हायचा असंल तर तिच्या नावानं अर्ज करीन, बापूसाहेबांच्या नको.

त्यांना काय सांगायचं? सांगा, पोरगी पाठांतर विसरली.

चहा तसाच राहिला तुमचा, साय धरली. द्या तो कप, घासण्यातच टाकते. पिशवी घ्या. तुमाला एस.टी.ला पलीकडंच जायचंय ना — थांबा, थांबा, असं एकट्यानं नका निघू, तुमाला नंबर लागलाय चष्म्याचा. गौतमी, ये, हात दे. तुमी बी द्या. द्या हो, काई होत न्हाई, मी काय आता सातवीत न्हाई. ह्या बाजूला बघा आधी. आता त्या. ती बस जाऊ द्या. चला आता, सावकाश.

पळू नका.